जुन्या चित्रांच्या वैज्ञानिक अभ्यासाकडे वळताना

भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकून जुन्या चित्रांच्या वैज्ञानिक अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांची पहिली चौकशी बहुधा साधनांविषयी असते: कॅमेरा कोणता, सॉफ्टवेअर कोणते, प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती. मीही भौतिकशास्त्राकडूनच या कामाकडे वळले, त्यामुळे ही उत्सुकता मला समजते. पण हा भाग सरावाने अंगवळणी पडतो. प्रतिमेत दिसणारी गोष्ट चित्राच्या कोणत्या थरातली आहे आणि ती कधी व कोणी केली असावी, हे ठरवणारी नजर तयार व्हायला मात्र पुष्कळ वेळ लागतो, आणि ती केवळ संगणकासमोर बसून येत नाही.

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहालयातील, सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या, उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीच्या चित्राचे उदाहरण घ्यावे. १९७९ साली काढलेल्या क्ष-किरण प्रतिमेत तिच्या मागच्या कोऱ्या भिंतीखाली क्यूपिडचे (रोमन प्रेमदेवतेचे) चित्र दिसले आणि ते व्हर्मीरनेच झाकले असावे, असे पुढे दीर्घकाळ मानले गेले. २०१७ पासून हाती घेतलेल्या जतनकार्यात रंगाचे सूक्ष्म नमुने काढून थरांचे छेद तपासले, तेव्हा क्यूपिड आणि वरचा लेप यांच्यामध्ये मळाचा थर आढळला. म्हणजे झाकण्याचे काम चित्रकाराच्या मृत्यूनंतर, दुसऱ्याच कोणाच्या हातून झाले होते. तो लेप काढून २०२१ मध्ये चित्र पुन्हा प्रदर्शित झाले. क्यूपिड आहे एवढे क्ष-किरणांतून कळले होते, पण तो व्हर्मीरने झाकला नव्हता हे कळायला मळाचा पातळ थर भिंगाखाली यावा लागला.

प्रत्येक पद्धतीला काय दिसत नाही, हे आधी शिकावे. अतिनील प्रकाशात नैसर्गिक राळेचे जुने वार्निश हिरवट चमकते आणि त्यावर नंतर झालेली डागडुजी काळपट दिसते, पण वार्निशाचा थर जाड असेल तर त्याखालची जुनी डागडुजी लपून राहते. अवरक्त प्रकाशात अनेक रंग पारदर्शक होतात आणि कोळशाने किंवा काजळीच्या शाईने केलेले खालचे रेखाटन उघडे पडते; तेच रेखाटन लाल खडूचे असेल तर ते रंगांबरोबर स्वतःही नाहीसे होते. म्हणून ‘रेखाटन दिसले नाही’ असे लिहावे, ‘रेखाटन नाही’ असे कधीही लिहू नये. क्ष-किरण प्रतिमेत शिशाचा सफेदा (शिशापासून केलेला पांढरा रंग) ठळक उमटतो, मात्र पुढचे, मागचे, चौकट, खिळे असे सारे एकाच प्रतिमेत एकावर एक येते.

क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे जे क्ष-किरण सोडते ते टिपून काढलेल्या, नकाशांचे आकर्षण नवागतांना सर्वाधिक असते, आणि ते साहजिक आहे. २००८ साली व्हॅन गॉगच्या गवताच्या एका चित्राखालून स्त्रीचा चेहरा दिसू लागला तो याच तंत्राने, हिंगुळ या लाल रंगातील पारा आणि नेपल्स यलो या पिवळ्या रंगातील अँटिमनी यांच्या नकाशांतून. तथापि या तंत्रात वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेला किती किरण आले याचा आलेख, वाचता येणे अपरिहार्य आहे; मूलद्रव्ये त्यात आपापल्या रेषांवरून ओळखतात. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमारास बाजारात रुळू लागला, त्यामुळे त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात टायटॅनियम सापडले की बनावटगिरी हाती लागल्यासारखे वाटते. पण टायटॅनियमची मुख्य रेषा ४.५१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचे एकक) आणि बेरियमची एक ठळक रेषा ४.४७ ला येते. नेहमीच्या डिटेक्टरला एवढ्या जवळच्या रेषा वेगळ्या करता येत नाहीत, आणि बेरियम सल्फेट तर एकोणिसाव्या शतकातही रंगांत भर म्हणून मिसळले जाई. अशा वेळी बेरियमची ४.८३ जवळची रेषा, आणि क्ष-किरण नळीचे व्होल्टेज पुरेसे असल्यास ३२ जवळचीही, सोबत आहे का ते पाहावे लागते. शिवाय गेरू आणि पिवडी यांसारख्या मातीच्या रंगांत थोडेफार टायटॅनियम मुळातच असते. हरताळ या पिवळ्या रंगद्रव्यातील आर्सेनिक आणि सफेद्यातील शिसे यांच्या मुख्य रेषाही १०.५ च्या आसपास अशाच एकमेकींवर पडतात. फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन केंद्रात (तीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या संशोधन केंद्रात) विकसित झालेले पायएमसीए हे मोफत सॉफ्टवेअर या रेषा सोडवून देते, परंतु यादीत कोणती मूलद्रव्ये घालायची हे आपणच ठरवायचे असते आणि यादीत बेरियम नसेल तर सॉफ्टवेअर निमूटपणे सारे श्रेय टायटॅनियमला देते.

डेटा विश्लेषणाचा बराच वेळ, कोणी सांगत नसले तरी, निरनिराळ्या प्रतिमा एकमेकींवर अचूक बसवण्यात जातो. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा ८,४३९ छायाचित्रे जोडून तयार झाली, त्यात एका पिक्सेलला चित्रावरचे पाच मायक्रोमीटर येतात, आणि त्या मापात किंचितशी चूकही डोळ्यांत भरते. त्यानंतरचे, सारख्या वर्णपटांचे बिंदू एकत्र गटांत घालण्याचे वर्गीकरण तुलनेने झटपट होते. मात्र अल्गोरिदमने केलेले गट म्हणजे रंगद्रव्ये नव्हेत. एकच निळा रंग पातळ थरात एका गटात आणि जाड थरात दुसऱ्या गटात जाऊ शकतो, तर वार्निशाची पिवळट झाक दोन भिन्न रंगांना एका गटात आणू शकते. गटातील निवडक बिंदूंचे मूळ वर्णपट काढून पाहिल्याशिवाय रंगद्रव्याचे नाव लिहू नये, असा माझा आग्रह असतो.

या क्षेत्रात प्रवेशासाठी हेरिटेज सायन्सची (वारसावस्तूंच्या वैज्ञानिक अभ्यासाची) पदवी असलीच पाहिजे असे नाही. रसायन, भौतिकी किंवा प्रतिमाप्रक्रिया यांपैकी एका विषयात पाया पक्का असणे अधिक उपयोगी पडते. कायमच्या जागा थोड्या असतात आणि सुरुवातीची कामे बहुधा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर मिळतात, हे गृहीत धरून दुसरे कौशल्यही धारदार ठेवावे. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे १९७७ पासून निघणारे तांत्रिक अंक वाचावेत, आणि वाचताना आधी केवळ आकृत्या पाहून स्वतःचा निष्कर्ष लिहून मग लेखकांचा पाहावा. जतनतज्ज्ञ चित्र साफ करत असतील तिथे परवानगी घेऊन बसावे. कोणत्या जागी रंग ‘वेगळा लागतो’ हे ते कापसाच्या बोळ्याने सांगतात, आणि पुढचे मोजमाप कुठे घ्यायचे हे पुष्कळदा त्यावरूनच ठरते.