उजवे की डावे? हाडे ओळखताना या चुका टाळा

हाडाचे नाव बहुतेकांना येते. अडते ते उजवे की डावे इथे. शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत हाड हातात आले की एखादी ठळक खूण दिसते आणि लगेच बाजू सांगितली जाते. पण बाजू ठरायला तीन दिशा लागतात: वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर. यांतली एक उलटी धरली तर उत्तर चुकते. दोन उलट्या धरल्या तर उत्तर बरोबर येते, आणि हीच चूक जास्त घातक, कारण ती लक्षातच येत नाही. म्हणून हाड आधी स्वतःच्या शरीरावर त्याच्या जागी धरा, तिन्ही दिशा मोठ्याने म्हणा, मग बाजू सांगा.

सर्वांत जास्त घोळ क्लॅव्हिकलचा, म्हणजे छाती आणि खांद्यामधल्या आडव्या हाडाचा. जाड टोक आत, छातीकडे. चपटे टोक बाहेर, खांद्याकडे. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर. इथपर्यंत सगळ्यांना जमते. वरची बाजू कोणती, हे पाहायचे राहून जाते. खालच्या बाजूला मधल्या भागात लांबट खाच असते आणि बाहेरच्या टोकाजवळ कोनॉइड ट्युबरकलचा उंचवटा. वरची बाजू त्या मानाने गुळगुळीत. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी फरक कळतो.

फिब्युला, म्हणजे पोटरीतले बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, तर सरळ उलटी धरली जाते. चपटे, निमुळते टोक खाली, कारण तोच बाहेरचा घोटा. त्यावरचा त्रिकोणी, गुळगुळीत भाग आत आणि त्याच्या मागे मॅलिओलर फोसाचा खड्डा. खड्डा मागेच हवा.

‘हेड’ (हाडाचे गोलसर टोक) म्हणजे वरचे टोक, हा समज अल्नाच्या (कोपर ते मनगट, करंगळीकडचे हाड) बाबतीत फसवतो. रेडियसचे (अंगठ्याकडचे हाड) हेड कोपराशी असते, अल्नाचे मनगटाशी.

गुडघ्याची वाटी टेबलावर सांध्याची बाजू खाली आणि टोक आपल्यापासून दूर करून ठेवा. ती ज्या बाजूला कलते, त्या बाजूची. कारण बाहेरचा फॅसेट (सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग) मोठा असतो.

मणके आकारावरून ओळखू नका. आडव्या प्रवर्धात (मणक्याच्या कडेला निघालेल्या फाट्यात) छिद्र असेल तर मानेचा, मुख्य भागाच्या कडेला बरगडीचा फॅसेट असेल तर छातीचा, दोन्ही नसेल तर कमरेचा. फॅसेट फक्त आडव्या प्रवर्धावर शोधणारे छातीचा 11वा आणि 12वा मणका हमखास कमरेचा ठरवतात. त्या दोघांच्या आडव्या प्रवर्धावर तो नसतोच.

सांध्यांत गल्लत होते ती हालचालीची. चावी फिरवताना हात वळतो तो कोपराच्या बिजागरीसारख्या सांध्यात नव्हे, तर रेडियस-अल्नामधल्या सांध्यांत. तिथे रेडियस अल्नाभोवती फिरते. पाऊल वर-खाली होते घोट्यात, पण तळवा आत-बाहेर वळतो तो मुख्यतः त्याखालच्या सबटॅलर सांध्यात. एका हाताने घोट्याच्या दोन्ही बाजू घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने टाच हलवून पाहा.