विज्ञानकथेचं कॉमिक करायचंय? आधी नुकसान कोणाचं होतंय ते शोधा

कागद, पेन्सिल, टॅबलेट, जे हाताला बसलंय ते घ्या. चित्र काढता येतं हे मी धरून चालते. बरीच वर्षं मी विज्ञानकथांची कॉमिक करते आहे आणि नव्या मुलांना दिला जाणारा एक सल्ला ऐकून मला दर वेळी राग येतो: "आधी जग उभं कर." मग ही मुलं नकाशे काढत बसतात, ग्रहांचे इतिहास लिहितात, वह्या भरतात आणि पहिलं पान काही होत नाही.

आपलं ओळखीचं जग घ्या आणि त्यात एकच गोष्ट बदला. तो बदल एका वाक्यात सांगता आला पाहिजे. माझ्याच एका कॉमिकचं उदाहरण घेते. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 मधोमध जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना गेलेल्या रांगांत, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. भोवती शेती, द्राक्षबागा. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की जवळपासच्या विहिरीवरच्या मोटारीची ठिणगीसुद्धा त्यांत खरखर मिसळते. माझा बदल एवढाच: एक संदेश येतो आणि तो नीट ऐकायचा तर आजूबाजूच्या गावांची वीज 40 रात्री बंद ठेवावी लागणार असते. बाकी सगळं आहे तसंच.

जागा ठरली की शक्य असेल तर ती डोळ्यांनी बघून या. मी न बघताच भरीव पांढऱ्या तबकड्या काढल्या होत्या. खरी तबकडी तारांच्या जाळीची आहे, तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं. जाळीची भोकं लहरींच्या लांबीपेक्षा खूप लहान असली की लहरींना ती जाळी भिंतीसारखीच वाटते. जाळीतून दिसणारं संध्याकाळचं आभाळ माझ्या कॉमिकची सगळ्यांत चांगली चौकट ठरलं.

आता खरं अवघड काम, पात्र. इथे मी अडकले होते, म्हणून इथेच जास्त बोलते.

पहिल्या खर्ड्यात माझा नायक एक तरुण शास्त्रज्ञ होता. हुशार, देखणा, विस्कटलेले केस. 22 पानांपैकी 11 पानांवर तो पडद्यासमोर उभा राहून दुसऱ्या शास्त्रज्ञाला अशा गोष्टी समजावत होता, ज्या दोघांनाही आधीच माहीत होत्या. माझ्या बारा वर्षांच्या भाचीने ती पानं वाचली आणि विचारलं, "मावशी, संदेश नाही मिळाला तर ह्याचं काय बिघडणार आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. नोकरी राहणार, घर राहणार, पुढच्या वर्षी दुसरं संशोधन.

त्यानंतर मी एक पद्धत धरली आणि ती आजवर सोडलेली नाही. कोरा कागद घ्यायचा, वर तो बदल लिहायचा आणि खाली त्याची झळ लागणाऱ्या प्रत्येकाची यादी करायची. नावं नकोत, फक्त कामं. माझ्या यादीत शास्त्रज्ञ, सरपंच, मोबाईलचा दुकानदार, अभ्यास करणारी दहावीची पोरं, द्राक्ष बागायतदार असे सगळे आले आणि सगळ्यांत शेवटी वायरमन. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहायच्या: ह्याचं काय जातं आणि हे घडवून आणण्यात ह्याचा हात किती. ज्याच्यापुढे दोन्ही रकाने भरले, ते तुमचं मुख्य पात्र. वायरमनचं पारडं इतकं जड झालं की बाकीचे आपोआप मागे सरले. ज्याने आयुष्यभर गावाला वीज दिली, त्यालाच रोज संध्याकाळी ती तोडायची होती. मग मी वायरमनच्या जागी एक बाई आणली, सुमन. तिच्या वडिलांची दोन एकर द्राक्षबाग, ऑक्टोबरची छाटणी नुकतीच झालेली, आणि शेतीची वीज येते रात्री. म्हणजे बागेचं पाणी तिनेच स्वतःच्या हाताने तोडायचं.

शंभर प्रश्नांची प्रश्नावली भरून पात्र तयार करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सुमनचा आवडता रंग मला आजही माहीत नाही. संध्याकाळी साडेसहाला डीपीजवळ, म्हणजे गावाच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, उभी असताना ती वडिलांचा फोन घेईल की नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे. घेणार नाही. दोनदा वाजू देईल आणि मग स्विच पाडेल. तुमच्या पात्राबद्दल असं एक तरी वाक्य छातीठोकपणे सांगता येईपर्यंत चेहरा काढायला बसू नका.

कथेचा शेवटही ह्याच टप्प्यात ठरतो. विज्ञानाचा जो नियम पात्राला अडवतो, त्याच नियमाने सुटका झाली पाहिजे आणि ती वाट पात्राला स्वतःच्या कामातून सापडली पाहिजे. मी आधी शास्त्रज्ञाकडून एक यंत्र बनवून घेतलं होतं, ते वाचणाऱ्याला फसवणूक वाटते. नंतर सुचलं की अडचण ठिणगीची आहे आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. हँडल मारून सुरू होणाऱ्या जुन्या इंजिनाला बॅटरीही लागत नाही. त्यावर पंप चालवला की विजेशिवाय बागेला पाणी मिळतं. असं इंजिन वडिलांच्या गोठ्यात पडून आहे हे शास्त्रज्ञाला कुठून कळणार? सुमनला कळतं. पण अशी गोष्ट आयत्या वेळी काढायची नाही. पान 5 वर त्या इंजिनावर कोंबड्या बसलेल्या आहेत. कोणी त्याबद्दल बोलत नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून मात्र ते गेलेलं असतं.

वाचणारा कुठे अडेल तेही आत्ताच शोधा. एका खर्ड्यात मी सुमनची आई घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर ठेवली होती. एका मैत्रिणीने विचारलं, "मग सिलिंडर का नाही आणत?" सगळा प्रसंग तिथेच कोसळला. डोळ्यांत पाणी आणण्यासाठी घातलेली अडचण अशीच उघडी पडते. मी ती काढून टाकली.

एवढं झालं की रूप सोपं जातं, कारण ते कामातून येतं. सुमनच्या डाव्या खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला पक्कड आणि टेस्टर, ओझ्यामुळे एक खांदा किंचित खाली. सगळी पात्रं अंगठ्याएवढी काढून पूर्ण काळी करा. नुसत्या काळ्या आकारावरून ओळखू आली नाहीत तर केस आणि कपडे बदलून भागणार नाही, उभं राहण्याची ढब बदला. माझ्याकडे सुमन दोरामुळे ओळखू येते, वडील टोपी आणि वाकलेल्या पाठीमुळे, शास्त्रज्ञ लांब मानेमुळे. मग प्रत्येकाचा एक तक्ता: समोरून, बाजूने, पाठीमागून आणि चार-पाच हावभाव. त्यावर मापंही लिहा. तबकडीपुढे सुमन साधारण अठ्ठावीस पटींनी लहान. कागदावर तबकडी 14 सेंटिमीटरची काढली तर सुमन अर्ध्या सेंटिमीटरची. हे आधी न ठरवल्याने माझी चार पानं फुकट गेली होती.

मग छोटे रफ, म्हणजे प्रत्येक पानाचं छोटं कच्चं चित्र. 24 पानं पुरे. पहिलं पान उजवीकडे येत असेल तर धक्का देणारी चौकट सम पानावर वरच्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे पान उलटल्याशिवाय ती दिसत नाही.

विज्ञान संवादाच्या फुग्यांत कोंबू नका. ठिणगीने रेडिओत खरखर होते हे सांगायला मला शास्त्रज्ञाचं अर्धं पान लागत होतं. आता तीन चौकटींत काम होतं. विहिरीजवळ ट्रान्झिस्टरवर बातम्या चाललेल्या. वडील स्टार्टरचं हिरवं बटण दाबतात. बातम्यांच्या जागी खरखर, आणि सुमनचा चेहरा. शब्द एकही नाही.

फुगे काढायच्या आधी मजकूर लिहून बघा. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींमध्ये जास्त जागा लागते. इंग्रजी कॉमिक बघून काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य गुदमरतं. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका. वडील जुन्नरकडचं बोलतात तसंच बोलू द्या, पुस्तकी भाषेत त्यांचा राग पोचत नाही.

शाई आणि रंग तुमच्या सवयीने करा. छपाईसाठी फाईल निदान 300 डीपीआयची (एका इंचात 300 ठिपके) ठेवा.

शाईला हात घालण्याआधी मात्र एक गोष्ट कराच. सगळे रफ फुग्यांतला मजकूर झाकून अशा माणसाला दाखवा, ज्याला कथा माहीत नाही. शेवटच्या पानानंतर विचारा, "ह्या बाईला काय हवं होतं?" उत्तर "संदेश" असं आलं तर पहिल्या चार पानांत बाग पुरेशी दिसलेली नाही, तिथे परत जा. "पाणी" असं आलं की शाईची बाटली उघडा.