कर्नल पॅनिकच्या वेळी कन्सोलचे लॉक कसे हाताळावे

कर्नल पॅनिक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात सावरता न येणारी चूक होऊन ती थांबणे. अशा वेळी मशीन गोठते आणि सिरियल कन्सोलवर (सिरियल पोर्टमार्गे कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कन्सोलवर) पॅनिकच्या संदेशाची अर्धीच ओळ उमटलेली दिसते. मूळ चूक कुठे झाली हे त्या संदेशात येणार होते, पण तो संदेशच कन्सोल ड्रायव्हरच्या लॉकपाशी अडकून राहिला. लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिताना हे कसे टाळावे, ते पुढे दिले आहे.

एरवी सिरियल पोर्टचे स्पिनलॉक (एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरला पोर्ट वापरू देणारे आणि बाकीच्यांना फिरत वाट पाहायला लावणारे लॉक) हवेच, कारण ते नसेल तर दोन कोअरच्या ओळींमधली अक्षरे एकमेकांत मिसळतात. आता असे समजा की एक कोअर हे लॉक धरून रजिस्टरमध्ये अक्षर लिहीत आहे, तेवढ्यात त्याच कोअरवर एनएमआय (रोखून धरता न येणारा इंटरप्ट) येतो आणि त्याचा हँडलर पॅनिक करतो. संदेश छापण्यासाठी हा कोअर पुन्हा तेच लॉक मागतो. पण ते सोडणारा कोड त्याच कोअरवर अर्धवट थांबलेला असल्यामुळे ते लॉक कधीच सुटणार नाही. लॉक दुसऱ्या कोअरकडे असेल आणि पॅनिक करणाऱ्या कोअरने त्याला थांबवले असेल, तरीही हेच घडते.

म्हणून कन्सोलवर अक्षरे लिहिणाऱ्या राइट फंक्शनमध्ये सर्वांत आधी ‘ऊप्स इन प्रोग्रेस’ हे, गंभीर चूक हाताळणे चालू असल्याचे सांगणारे कर्नलचे व्हेरिएबल तपासावे. ते शून्य नसेल तर नेहमीच्या लॉकऐवजी ट्रायलॉक (न थांबता एकदाच लॉक मागून पाहणे) वापरावे आणि लॉक मिळाले नाही तरी लिहिणे चालू ठेवावे. मात्र लॉक मिळाले होते की नाही याची नोंद स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवावी, नाहीतर शेवटी आपण दुसऱ्याने घेतलेले लॉक सोडून बसू. ८२५० या सिरियल ड्रायव्हरमध्ये हीच पद्धत आहे. यात काही अक्षरे बिघडू शकतात, पण पॅनिकच्या वेळी बिघडलेली ओळ काहीच न मिळण्यापेक्षा कितीतरी मोलाची असते, असे माझे ठाम मत आहे.

लॉकइतकेच हार्डवेअरची वाट पाहणारे लूपही घातक ठरू शकते. १,१५,२०० बॉडला (म्हणजे सेकंदाला तितक्या बिटांच्या वेगाला) एका अक्षराचे १० बिट धरले, तर सेकंदाला ११,५२० अक्षरे जातात, म्हणजे एका अक्षराला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे ट्रान्समीटर रिकामा होण्याची वाट पाहण्यास १० मिलिसेकंदांची मर्यादा घालणे पुरेसे आहे. पॅनिकचा संदेश लिहिणाऱ्या या मार्गावर म्युटेक्स (वाट पाहणाऱ्याला झोपवणारे लॉक), स्लीप किंवा मेमरी अॅलोकेशन यांपैकी काहीही येता कामा नये.

नवीन ड्रायव्हर लिहीत असाल तर एनबीकॉन या लिनक्सच्या नव्या कन्सोल पद्धतीची रचना स्वीकारावी. तिच्यात कन्सोलची मालकी नॉर्मल, इमर्जन्सी आणि पॅनिक अशा चढत्या प्राधान्याने मिळते आणि वरच्या प्राधान्याचा कोअर ती खालच्याकडून काढून घेऊ शकतो. रजिस्टरची स्थिती अर्धवट बदललेली असते तेवढा भाग ड्रायव्हरने ‘अनसेफ’ म्हणून नोंदवायचा असतो. त्या भागात असलेल्या कोअरकडून मालकी हिसकावण्याचा मार्ग पॅनिकच्या अगदी शेवटी, इतर उपाय संपल्यावरच वापरला जातो. ही नोंद लिहिताना आळस करू नये, कारण सगळी सुरक्षितता तिच्यावरच अवलंबून आहे.

चाचणीसाठी सिसआरक्यूची (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीची) मुद्दाम क्रॅश घडवणारी ‘सी’ कमांड पुरेशी नाही, कारण त्या वेळी पोर्टचे लॉक बहुधा मोकळेच असते. ८२५० सारख्या ड्रायव्हरमध्ये राइट फंक्शनने लॉक घेतल्यानंतर लगेच, एकदाच चालेल असा पॅनिकचा कॉल तात्पुरता घालावा आणि व्हर्च्युअल मशीनवर तो कर्नल चालवावा. ‘एंड कर्नल पॅनिक’ ही शेवटची ओळ कन्सोलवर पूर्ण उमटली, तरच ही अडचण सुटली असे मानावे.