मालवणला मासे मोजायला निघण्याआधी

मास्क, फिन्स, डायव्हिंगचं सर्टिफिकेट, बोट लागत असेल तर गोळी: हे ज्याचं त्याने बघावं. कोकणकन्या ठाण्याला थांबते, कुडाळला उतरायचं, पुढची गाडी आधीच ठरवून ठेवायची. परवानगीचं मात्र शेवटपर्यंत ठेवू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, तिथे अभ्यासासाठी उतरायला वनविभागाचं पत्र लागतं. पत्र हातात आल्याशिवाय तिकिटं काढायची नाहीत. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही.

आता पाण्यात माशाची लांबी नजरेने ओळखण्याच्या सरावासाठी पाइपचे तुकडे. प्लंबिंगच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणा आणि ६ पासून ४० सेंटीमीटरपर्यंतचे वीसेक तुकडे कापा. कापताना मुद्दाम वेडीवाकडी मापं घ्या, म्हणजे अंदाजाने पाच-दहाचे आकडे ठोकता येणार नाहीत. तुकड्यावर फक्त नंबर टाका, लांबी वेगळ्या कागदावर लिहा. नायलॉनच्या दोरीला बांधून ते तरणतलावात सोडा. घोडबंदरच्या मंडळींनी आपल्या सोसायटीत विचारा, ऐरोली-वाशीकरांनी आपल्याकडे बघा. दोन-अडीच मीटरवरून पोहत जायचं, पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लांबी लिहायची, वर येऊन ताडून बघायची, परत उतरायचं. चूक दोन-तीन सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत थांबायचं नाही.

मागच्या वेळी नेमका हाच सराव राहिला आणि माशांच्या वजनाचा सगळा हिशेब टाकून द्यावा लागला. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू जवळपास एक तृतीयांशाने मोठी दिसते. त्यात माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाने वाढतं. २० सेंटीमीटरचा मासा २५ लिहिला की वजन जवळजवळ दुप्पट! शिवाय एक जण फुगवतो, दुसरा आखडतो. मग दोन खडकांमधला फरक माशांचा आहे की मोजणाऱ्यांचा, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सराव सगळ्यांनी करायचा, जुन्या डायव्हर्सनीही. त्यांनी तर आधी.

माशांच्या सगळ्या जाती पाठ करत बसू नका, पण कोण काय खातो ते ठाऊक हवं. पोपटमासे आणि सर्जनफिश खडकावरचं शेवाळ खरवडतात, त्यामुळे प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. फुलपाखरू माशांच्या बऱ्याच जाती प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे त्यातले इवलेसे जीव, खाऊन जगतात. प्रवाळ मेला की तेही कमी होतात. गोबरा, म्हणजे आपला हेकरू, आणि तांबोशी मोठ्या आकाराचे दिसतात का, यावरून मासेमारीचा ताण कळतो. इथेही लांबीच लागते. नुसतं ‘तांबोशी, चार’ लिहून आणलंत तर त्याचा निम्माच उपयोग.

पाटीला दोन पेन्सिली दोरीने बांधा, एक नक्की सुटते. पाटीच्या कडेवर सेंटीमीटरच्या खुणा करून घ्या. तळाशी अंथरायचा टेप ५० मीटरचा, ज्यात मासे मोजायचे तो पट्टा ५ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. जाताना टेप सोडत सोडत मोठे, पळणारे मासे मोजायचे. आधी टेप अंथरून मग मोजायला गेलात तर ते केव्हाच लांब गेलेले असतात. छोटे डॅमसेलफिश परतताना, अरुंद पट्ट्यात. वेग सगळ्यांचा सारखा ठेवा. मागून येऊन पट्ट्यात शिरलेला मासा मोजायचा नाही, कितीही देखणा असला तरी. पाणी इतकं गढूळ असेल की अडीच मीटरवरचं दिसत नाही, तर त्या दिवशी मोजणी रद्द. उगाच आकडे भरू नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला उतरू नका, तेव्हा दिवसाचे आणि रात्रीचे मासे पाळी बदलत असतात.

तुकड्यांची पिशवी मालवणलाही न्यायची आहे. तलावातलं स्वच्छ पाणी आणि किल्ल्याजवळचं पाणी यात फरक पडतो, म्हणून रोज सकाळी पहिल्या डुबकीत पाच-दहा तुकडे पुन्हा ओळखायचे. पिशवी कोण घेणार त्याचं नाव शनिवारपर्यंत कळवा. ‘कुणीतरी घेईल’ हे उत्तर चालणार नाही.

बाकी थोडक्यात. प्रवाळाला फिन लागू द्यायची नाही, जोडीदार सोडायचा नाही. वर आल्यावर सामान गोड्या पाण्याने धुवा, पाट्यांचे फोटो काढा, आकडे त्याच रात्री संगणकात. लांबीवरून वजन काढताना फिशबेसवरची (माशांच्या माहितीचा ऑनलाइन साठा) सूत्रं पूर्ण लांबीची आहेत की शेपटीच्या खाचेपर्यंतची, ते बघून घ्या. आपण पूर्ण लांबी लिहितो.