खर्च खरा, पण वजावट गेली: स्वतःचा धंदा करणाऱ्यांनो, या चुका टाळा

जुलै उजाडला की माझ्या टेबलावर पिशव्या येऊ लागतात. कापडाच्या, प्लास्टिकच्या, मिठाईच्या दुकानाच्या. आत वर्षभराची बिलं कोंबलेली असतात आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं, ‘ताई, यातून जेवढं बसवता येईल तेवढं बसवा.’

‘बसवा’ हा शब्द मला सहन होत नाही. गेली वीस वर्षं मी सांगलीत फोटोग्राफर, क्लासवाले, फर्निचरची कामं घेणारे, वेबसाइट बनवणारे अशा लोकांचे हिशेब लिहिते. या काळात खोटा खर्च दाखवून पकडलेली माणसं मी थोडी पाहिली. खरा खर्च करून, निव्वळ हलगर्जीपणामुळे वजावट घालवलेली मात्र कितीतरी पाहिली. म्हणून हे लिहिते आहे.

कलमांचे क्रमांक 1961 च्या आयकर कायद्याचे देते. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झाला आणि क्रमांक बदलले, पण 31 मार्च 2026 पर्यंतच्या वर्षांचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो.

एका दिवसात एकाच माणसाला 10,000 च्या वर रोख

माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीवर जळतो. फर्निचरची कामं घेणारे एक गृहस्थ नोटीस घेऊन माझ्याकडे आले होते. तोवर हिशेब ते स्वतःच लिहीत. उलाढाल नव्वद लाखांच्या आसपास, नफा सात टक्क्यांच्या घरात, पूर्ण वह्या ठेवलेल्या. वह्या नीटनेटक्या होत्या, अक्षरही सुंदर. ‘दहा हजारांच्या वर एकही व्हाउचर नाही, बघा,’ असं ते मला ठासून सांगत होते.

मी व्हाउचरची फाइल उघडली. प्लायवुडचं बिल 26,400 रुपयांचं. त्याची तीन व्हाउचरं, प्रत्येकी 8,800. तिन्हींवर तारीख एक, शाई एक, घेणाऱ्याची सही एक. पुढे पंधरा-वीस पानं उलटली की पुन्हा तसंच. प्लायवुडवाल्याच्या खात्याचा उतारा मागवला, तर त्याच्याकडे त्या तारखेला 26,400 ची एकच रोख जमा.

कलम 40ए(3) व्हाउचर मोजत नाही. एका माणसाला एका दिवसात दिलेली एकूण रोख मोजतं. ती 10,000 च्या वर गेली की सगळी रक्कम खर्चातून बाद. वरचे 16,400 नव्हेत, पूर्ण 26,400. त्यांच्या वहीत वर्षभरात असे बारा दिवस निघाले आणि 3,12,000 रुपयांचा खर्च कापला गेला. ते जुन्या करपद्धतीत 20 टक्क्यांच्या टप्प्यात होते, सेस (करावर लागणारा जादा कर) धरून 20.8 टक्के. म्हणजे 64,896 रुपये कर, वर व्याज वेगळं. प्लायवुड खरं होतं, त्याची कपाटं झाली होती, त्या कपाटांचं उत्पन्नही त्यांनी दाखवलं होतं. लबाडी कुठेच नव्हती, म्हणूनच मला ते फार लागलं.

व्हाउचर फोडायचं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, आणि वडिलांच्या काळात ते चालत असे. तेव्हा एकेक रक्कम स्वतंत्र बघत. 2008-09 या आर्थिक वर्षापासून दिवसाची बेरीज बघू लागले आणि 1 एप्रिल 2017 पासून मर्यादा 20,000 वरून 10,000 वर आली. (मालवाहतूकदाराला भाड्यापोटी द्यायच्या रकमेला 35,000 पर्यंत सूट आहे.) घरात ऐकलेला नियम तपासून न घेता वापरला की असं होतं.

बेअरर चेक दिलात तरी तो इथे रोखीसारखाच. चेकवर दोन रेघा आणि ‘अकाउंट पेयी’ हवं. यूपीआय, एनईएफटी, कार्ड, नेटबँकिंग हे सगळं चालतं. मशीन किंवा फर्निचर घेताना एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिलीत, तर ती रक्कम त्या वस्तूच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसारासुद्धा (वस्तू झिजते म्हणून दरवर्षी खर्चात धरायचा किमतीचा ठरावीक हिस्सा) मिळत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी 5,000 ची मर्यादा घालून देते. कायदा 10,000 म्हणतो हे मला माहीत आहे. पण सकाळी 7,000 दिलेले असतात, संध्याकाळी त्याच दुकानातून बिजागऱ्या आणायला पोऱ्याला 4,000 देऊन पाठवलं जातं आणि रात्री कुणाला सकाळचं आठवत नाही. ‘आज अर्धे देतो, उद्या अर्धे’ ही युक्तीही मला पसंत नाही. फोन खिशात आहे, यूपीआय करा.

बिल आहे, पण कोरं आहे

लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. पेट्रोलच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या त्याने जपून ठेवल्या होत्या, त्याबद्दल मी त्याचं कौतुकही केलं. झाकण उघडलं तर वरच्या चाळीसएक चिठ्ठ्या पांढऱ्याफटक. त्या थर्मल कागदाच्या असतात. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होतो आणि पुढे ऊन, ऊब, प्लास्टिकचं पाकीट लागलं की अक्षर उडतं. हा डबा उन्हाळाभर गाडीत होता. खिडकीपाशी नेऊन, तिरप्या उजेडात धरून आम्ही दोघांनी तासभर आकडे शोधले. अकरा चिठ्ठ्या वाचता आल्या.

‘बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे की सगळं,’ तो म्हणाला. स्टेटमेंट पैसे गेल्याचं सांगतं. ते पेट्रोल कोल्हापूरच्या लग्नाला जाताना भरलं की आत्याकडे जाताना, हे सांगत नाही. कलम 37(1) ची अटच ती आहे: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. घरची आणि धंद्याची गाडी एकच असेल, तर धंद्यापुरताच हिस्सा धरता येतो, आणि तो हिस्सा अंदाजाने सांगून भागत नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते. थर्मल बिल हातात आलं की त्याच रात्री फोटो. कागदाच्या मागे पेन्सिलीने दोन शब्द: कुणाचं काम, कुठे. गाडीत शंभर पानी वही, तिच्यात तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर. महिन्याला एक पाकीट. यात रोज दोन मिनिटं जातात. नवीन मुलं मला अॅप विचारतात. अॅप जरूर वापरा, पण जी वही रोज लिहिली जात नाही तिच्या जागी अॅप आणलं की तेही रोज लिहिलं जात नाही. बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढा, हे तर मी पहिल्याच भेटीत सांगते. एकाच खात्यातून दूधवाला, मुलाची फी आणि कॅमेऱ्याची लेन्स गेली, की निवडत बसण्यात माझा वेळ जातो आणि त्याचे पैसे तुम्हीच देता.

मार्चमध्ये घाईने लॅपटॉप

‘टॅक्स वाचवायला 80,000 चा लॅपटॉप घेतला,’ असा मार्चअखेरीला दरवर्षी एखादा फोन येतो. लॅपटॉप ही भांडवली वस्तू. तिची पूर्ण किंमत त्या वर्षी खर्चात जात नाही, घसारा मिळतो. संगणकाला 40 टक्के, फर्निचरला 10, कॅमेऱ्यासारख्या साधनांना साधारणपणे 15. त्यातही वस्तू त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर दर निम्मा. म्हणजे मार्चमधल्या लॅपटॉपवर 20 टक्के, 16,000 रुपये. तुम्ही वरच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलात तरी सेस धरून त्या वर्षी वाचले 4,992. त्यासाठी 80,000 खात्यातून गेले. लॅपटॉप कामाला हवा असेल तर जरूर घ्या, आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत घेऊन वापरायला लागा. गरज नसताना कर वाचवायला खरेदी करू नका, हे मी हात जोडून सांगते.

बाकीच्या, थोडक्यात

विम्याचा हप्ता: स्वतःच्या आयुर्विम्याचा हप्ता हा धंद्याचा खर्च नाही. दुकानाच्या, मालाच्या विम्याचा आहे.

दंड: वाहतुकीचं चलान, कायदा मोडल्याचा दंड खर्चात धरत नाहीत. करारात ठरल्याप्रमाणे काम उशिरा दिलं म्हणून गिऱ्हाइकाने कापलेले पैसे ही वेगळी गोष्ट, ते धरता येतात.

घरातलं ऑफिस: भाड्याच्या 700 चौरस फुटांच्या घरात 100 चौरस फुटांची खोली कामाला असेल तर भाड्याचा सातवा हिस्सा. घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं लावता येत नाही. वीज, इंटरनेट मात्र योग्य प्रमाणात धरा.

जीएसटी: बिलावरच्या ज्या कराचं क्रेडिट घेतलंत, म्हणजे जो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळता केलात, तो पुन्हा खर्चात किंवा घसाऱ्यात धरू नका.

छोट्या कारखानदाराची उधारी: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या. उशीर झाला तर ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षीच खर्च मिळतो. 2023-24 पासून हे लागू आहे.

44एडीए घेतलं आणि वर खर्चही मागितला

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, तांत्रिक सल्लागार अशांसाठी कलम 44एडीए ही सोय आहे. वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत (रोखीतली जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंत) असेल, तर निम्मी जमा नफा म्हणून दाखवायची आणि मोकळं व्हायचं. मग लोक विचारतात, ‘आणि ऑफिसचं भाडं? लॅपटॉपचा घसारा?’ तो सगळा उरलेल्या निम्म्यात आलाच. वेगळं काही मिळत नाही. खरा खर्च निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण वह्या ठेवा. मात्र नफा 50 टक्क्यांच्या खाली दाखवला आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर ऑडिटही करावं लागतं. हे मार्चच्या आधी सीएशी बोलून ठरवा. जुलैत सुचलं तर वर्षभराच्या वह्या कुठून आणणार?

याच्या उलट चूक नव्या करपद्धतीची. ‘नव्या पद्धतीत वजावट नाही’ असं ऐकून गेल्या वर्षी क्लास चालवणाऱ्या एका बाईंनी जागेचं भाडं, छपाई, शिक्षकांचं मानधन यातलं काहीच दाखवलं नव्हतं आणि सगळ्या फीवर कर भरायला निघाल्या होत्या. नव्या पद्धतीत 80सीसारख्या वैयक्तिक वजावटी जातात. धंद्याचा खर्च जात नाही, तो वजा करूनच नफा निघतो. त्यांच्याकडे भाड्याचा करार होता, मानधनाच्या नोंदी बँकेत होत्या, छपाईची पक्की बिलं तारखेप्रमाणे लावलेली होती. रिटर्न भरायचं राहिलं होतं, म्हणून एका दुपारीत सगळं दुरुस्त झालं.