चिनी अक्षराचं मूळ कसं शोधावं : ‘लाय’चं उदाहरण

आधी अक्षराचं पारंपरिक रूप घ्या. चीनमध्ये १९५६ पासून लिपी सोपी केली गेली. ती रूपं मूळ शोधायला घेऊ नका.

मग सर्वांत जुनी रूपं शेजारीशेजारी मांडा: शांग काळातल्या (तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या चिनी राजवटीतल्या) हाडांवर कोरलेली, काशाच्या भांड्यांवरची, शिक्क्यांची.

आता अवघड टप्पा. ‘लाय’ म्हणजे येणे. पारंपरिक रूपात मधे झाडाचं चिन्ह आणि दोन्ही बाजूंना माणसाची दोन छोटी चिन्हं दिसतात. ‘झाडाखाली माणसं आली’ असा अर्थ मी लावला आणि कितीतरी दिवस तोच धरून बसलो. तो साफ चूक होता. हाडांवरचं रूप पाहा: ताठ देठ, खाली वाकलेली पानं, तळाशी मुळं. ते गव्हाचं रोप आहे! ‘येणे’ या क्रियेचं चित्र काढणं अवघड, म्हणून तसाच उच्चार असलेलं गव्हाचं चिन्ह उसनं घेतलं. गव्हासाठी खाली पाऊल जोडलेलं वेगळं अक्षर रूढ झालं: ‘माय’.

म्हणून चित्र दिसलं की लगेच गोष्ट रचू नका. ‘हा भाग अर्थासाठी आहे की उच्चारासाठी?’ हे आधी विचारा. बहुतेक चिनी अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. ‘आई’च्या अक्षरात स्त्री आणि घोडा आहेत. ‘आई घोड्यासारखी राबते’ असं सर्रास शिकवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. घोडा तिथे फक्त ‘मा’ या उच्चारासाठी आहे. पाठांतराला अशी गोष्ट चालेल, व्युत्पत्ती म्हणून मुळीच नाही.

जुन्या कोशांवरही डोळे झाकून विसंबू नका. शू शन यांनी इ.स. १०० च्या सुमारास ९,३५३ अक्षरांचा कोश रचला, काम अफाटच. पण ‘लाय’बद्दल ते सांगतात की गहू स्वर्गातून आला, म्हणून ‘येणे’. शांग काळातली हाडं त्यांच्यासमोर नव्हती. त्यांवरचं लेखन १८९९ मध्ये ओळखलं गेलं. त्यांचा कोश जरूर उघडा, पण हाडांवरचं रूप शेजारी ठेवूनच.

शेवटी अर्थ जोडशब्दांतून गोळा करा. ‘वेइलाय’ म्हणजे अजून न आलेलं, भविष्य. ‘युआनलाय’ म्हणजे मुळात; आणि एखादी गोष्ट अचानक उमगली की ‘अच्छा, असं होतं तर!’