जुळत्या फ्लॉपवर आधीच्या जागेवरून री-रेझ कधी करावा

सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेम (पोकरचा एक प्रकार) टेबलावर सर्वांत आधी बोलणाऱ्या जागेवरून तुम्ही अडीच बिग ब्लाइंडचा (बिग ब्लाइंड म्हणजे डावाआधी लावायची मोठी सक्तीची रक्कम; पुढचे आकडे याच एककात आहेत) रेझ केला, म्हणजे रक्कम वाढवली, फक्त बटनवरच्या, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या, खेळाडूने कॉल केला (तेवढीच रक्कम भरली) आणि दोघांकडेही सुरुवातीला १०० बिग ब्लाइंड होते, असे धरू. पॉट, म्हणजे मधली एकूण रक्कम, ब्लाइंड धरून साडेसहाचा झाला. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन सामायिक पानांत, इस्पिक दश्शी, इस्पिक नव्वी आणि चौकट छक्की उघडली. तुम्ही ४ लावले आणि समोरच्याने ते १३ वर नेले.

अशा वेळी एक्क्यांची जोडी हाती असलेल्या खेळाडूला लगेच री-रेझ (समोरच्याच्या रेझवर पुन्हा रेझ) करावासा वाटतो, आणि नेमके तेच टाळायला हवे. राजा, सत्ती, दुर्री अशा विस्कळीत, तीन रंगांच्या फ्लॉपवर ही जोडी बहुतेक वेळा पुढे असते. इथे मात्र अठ्ठी-सत्तीवाल्याची स्ट्रेट (ओळीने पाच पाने) आधीच तयार आहे, सेट (हातातली जोडी आणि टेबलावरचे तसेच तिसरे पान) शक्य आहेत आणि ड्रॉही (एखाद्या पानाने पुरे होऊ शकणारे हात) भक्कम आहेत. तुमच्या री-रेझपुढे दुबळे हात फोल्ड होतील (डाव सोडतील) आणि उरतील ते तुम्हाला हरवणारे किंवा बरोबरीने झुंजणारे. एक्क्यांनी कॉल करून टर्न (चौथे सामायिक पान) पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

री-रेझ करायचा तो दश्श्यांच्या किंवा नव्व्यांच्या सेटने आणि इस्पिक राणी-गुलामाने. या दुसऱ्या हाताकडे नीट पाहा: नऊ इस्पिक पानांनी फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) होतो, इस्पिक सोडून तीन राजे आणि तीन अठ्ठ्या स्ट्रेट पुरी करतात, म्हणजे एकूण १५ पाने उपयोगी पडतात आणि रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या सामायिक पानापर्यंत) त्यांपैकी एखादे येण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के असते. समोर चौकटच्या अठ्ठी-सत्तीची तयार स्ट्रेट असली, तरी राजा किंवा अठ्ठी आल्यास तुमची स्ट्रेट मोठी ठरते, त्यामुळे तिथेही लढत निम्म्या-निम्म्याची राहते. सेटविरुद्ध ती ४० टक्क्यांच्या आसपास उतरते, कारण टर्न किंवा रिव्हरवर टेबलावरच्या पानांत जोडी पडली की समोरच्याचे फुल हाउस (एका अंकाची तीन आणि दुसऱ्या अंकाची दोन पाने) होते.

री-रेझ साधारण ३२ चा ठेवावा. त्यानंतर तुमच्याजवळ साडेपासष्ट उरतात. समोरचा ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स लावल्या) तर १३६ च्या पॉटसाठी तेवढे भरावे लागतात, म्हणजे जिंकण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास हवी. हा हिशेब चिप्स पुढे सरकवण्याआधीच झालेला असावा. इस्पिक एक्का-राजा सेटपुढे जेमतेम एक चतुर्थांश वेळा जिंकतो, म्हणून त्या हाताने कॉलच बरा.

समोरचा खेळाडू फ्लॉपवर क्वचितच रेझ करणारा असेल, तर त्याच्या हाती बहुधा सेट किंवा स्ट्रेट असते आणि तो फोल्ड करत नाही. अशा खेळाडूविरुद्ध राणी-गुलामानेही कॉलच करावा आणि री-रेझ मोठ्या सेटसाठी राखून ठेवावा.